स्वादुपिंडाचा कर्करोग आणि जनुकांची साक्ष

मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडण्याचा अर्ज हाती आला की बँकेतील माणूस कारण विचारीत नाही. परंतु ते बहुधा आपणहून कळते. मुलीचे लग्न, मुलाचा परदेशातील प्रवेश, घराची गळती, नाहीतर आजारपण. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात, इंदूर येथील आमच्या शाखेत मी ठेव विभागाचे काम पाहत असताना, एक निवृत्त शिक्षक असाच अर्ज घेऊन आले. घराणे मूळचे सातारकडचे, पण तीन पिढ्या इंदुरात रुळलेले. अर्जासोबत चुकून आणखी एक कागद टाचला गेला होता. त्यावर रुग्ण म्हणून त्यांच्या पत्नीचे नाव होते आणि खाली काही अक्षरे व अंक होते : के-रास, जी-१२-डी, टीपी-५३, स्मॅड-४. मी तो कागद परत दिला, तेव्हा सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही आकडेमोडीचं शिक्षण घेतलेल्या. एवढंच सांगा, या कागदात किती महिने लिहिलेत?"

कागदात महिने नव्हतेच. तो अर्बुदाच्या जनुकीय तपासणीचा अहवाल होता. डॉक्टरांनी समजावून सांगताना "हे तिन्ही बदल एकत्र असणे फारसे चांगले नाही" असे म्हटले होते आणि सरांनी त्या वाक्याचे मनाशी महिन्यांत रूपांतर केले होते. मी वाणिज्य शाखेची. वैद्यक हा माझा विषय नव्हे. तथापि तो प्रश्न मनातून जाईना. त्यानंतरचे वाचन आणि जाणकारांशी केलेली चर्चा यांतून हा लेख सिद्ध झाला आहे. सरांची अनुमती घेऊनच, ओळख पटणार नाही अशा बेताने, त्यांचा उल्लेख केला आहे.

स्वादुपिंड हे जठराच्या मागे आडवे पसरलेले, सुमारे पंधरा सेंटिमीटर लांबीचे इंद्रिय. अन्न पचविणारा रस आणि रक्तातील साखर ताब्यात ठेवणारे इन्शुलिन ही त्याची दोन कामे. यातील पाचकरस वाहून नेणाऱ्या नलिकांच्या अस्तरात उद्भवणारा कर्करोग सर्वांत अधिक आढळतो आणि या लेखात त्याचाच विचार आहे. शरीरात खोलवर असल्याने तो लवकर हाताला लागत नाही. कावीळ, पाठीत कळा, अकारण घटणारे वजन, उतारवयात अचानक उद्भवलेला मधुमेह अशा खुणा दिसू लागतात, तेव्हा शस्त्रक्रियेने संपूर्ण काढता येईल अशा अवस्थेत जेमतेम पाचांपैकी एक रुग्ण असतो. अमेरिकेतील अलीकडच्या आकडेवारीनुसार निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १३ च्या आसपास आहे. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे याच इंद्रियाच्या कर्करोगाने मार्च २०१९ मध्ये निधन झाले, तेव्हा या आजाराचे नाव मराठी घराघरांत पोहोचले. येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज यांचे उदाहरण पुष्कळदा दिले जाते. निदान २००३ मध्ये झाले आणि ते २०११ पर्यंत जगले. परंतु त्यांचा आजार संप्रेरके बनविणाऱ्या पेशींतून उद्भवलेला, स्वभावतः निराळा आणि बहुधा संथ असा होता. दोहोंची तुलना करून कोणी आशा अथवा निराशा बाळगू नये.

आता जनुकांकडे वळू. आपल्या प्रत्येक पेशीत, आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रांच्या प्रत्येक संचात, सुमारे तीनशे कोटी रासायनिक अक्षरांचा मजकूर असतो. त्यातील सुमारे वीस हजार परिच्छेद प्रथिने कशी बनवावीत हे सांगतात, तीच जनुके. पेशी दुभंगताना हा मजकूर पुन्हा उतरवून काढला जातो आणि उतरवताना क्वचित एखादे अक्षर चुकते. या चुकीस उत्परिवर्तन म्हणतात. खतावणीत आकडा चुकला की आपण ताळेबंद जुळेपर्यंत तो शोधतो. पेशीतही चुका शोधणारी यंत्रणा असते आणि बहुतेक चुका ती दुरुस्त करते. उरलेल्यांपैकी बऱ्याच निरुपद्रवी असतात. काही थोड्या मात्र नेमक्या अशा जागी पडतात, की पेशीला थांबण्याचा हुकूमच ऐकू येईनासा होतो.

स्वादुपिंडाच्या कर्करोगात अशा चार जागा वारंवार आढळतात. पहिली के-रास. या नावातील 'के' हे अक्षर वर्नर कर्स्टन या संशोधकाचे. त्यांनी १९६७ मध्ये उंदरांत अर्बुदे उत्पन्न करणाऱ्या एका विषाणूचे वर्णन केले. त्या विषाणूत सापडलेल्या जनुकाचा भाईबंद पुढे मानवी पेशींत आढळला. १९८८ मध्ये असे दिसून आले की स्वादुपिंडाच्या बहुसंख्य कर्करोगांत के-रास बदललेले असते. आज हे प्रमाण शेकडा ९० च्या घरात मानले जाते. के-रासचे प्रथिन हे पेशीतील एक बटन आहे. बाहेरून वाढीचा निरोप आला की ते चालू होते आणि काम झाले की बंद होते. या प्रथिनाच्या साखळीतील बारावा मणी ग्लायसिन नावाचा असतो. त्याच्या जागी दुसरा मणी बसला की बटन चालू स्थितीतच अडकते. ॲस्पार्टिक आम्ल बसल्यास जी-१२-डी, व्हॅलिन बसल्यास जी-१२-व्ही, आर्जिनिन बसल्यास जी-१२-आर. सरांच्या कागदावरील गूढ अक्षरांचा अर्थ इतकाच होता.

उरलेली तीन जनुके लगामाच्या जातीची. सीडीकेएन-२-ए हे पेशीचे विभाजन रोखून धरते. टीपी-५३ ला मी आमच्या भाषेत समवर्ती लेखापरीक्षक म्हणेन. मजकुरात बिघाड दिसला की ते पेशीचे काम थांबवते, दुरुस्ती करविते आणि दुरुस्ती अशक्य असल्यास पेशीला स्वतःचा अंत करावयास लावते. चौथे स्मॅड-४. त्याची कथा थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे.

अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले होते की स्वादुपिंडाच्या अनेक कर्करोगांत अठराव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो. नेमके काय गळाले याचा शोध घेता १९९६ मध्ये त्यांना एक जनुक गवसले. त्यास त्यांनी डीपीसी-४ असे नाव दिले. अर्थ, स्वादुपिंडाच्या कर्करोगात गळालेले, चौथ्या क्रमांकाचे स्थान. हेच पुढे स्मॅड-४ या नावाने रूढ झाले. सुमारे निम्म्या रुग्णांच्या अर्बुदात हे जनुक निकामी झालेले असते. म्हणजे के-रासप्रमाणे ते जवळजवळ सर्वांत नसते, आणि म्हणूनच रुग्णारुग्णांत भेद करण्यास उपयोगी पडेल अशी आशा निर्माण झाली. जी नोंद प्रत्येक खात्यात आहे, तिच्या आधारे खात्यांची प्रतवारी करता येत नाही, हे बँकेतील वाचकांस वेगळे सांगावयास नको.

ही आशा तपासून पाहण्यासाठी हॉपकिन्समध्ये जे झाले, ते वाचताना मी थबकले. आपल्या मृत्यूनंतर काही तासांच्या आत शवविच्छेदन करावे, अशी संमती तेथील काही रुग्णांनी हयातीतच दिली होती. आपल्याला त्याचा लाभ नाही हे त्यांस पुरते ठाऊक होते. अशा ७६ रुग्णांच्या तपासणीचे निष्कर्ष क्रिस्टीन आयाकोब्युझिओ-डोनह्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केले. शेकडा ३० रुग्णांच्या मृत्यूसमयी रोग मुख्यतः मूळ जागीच बळावलेला होता, तर शेकडा ७० रुग्णांत तो शरीरभर पसरलेला होता. एकाच नावाच्या आजाराच्या या दोन तऱ्हा. ज्यांच्यात रोग दूरवर पसरला होता, त्यांच्या अर्बुदांत स्मॅड-४ निकामी असण्याचे प्रमाण पुष्कळ अधिक निघाले. म्हणजे हे जनुक रोगाचा वेग सांगत असो वा नसो, तो कोणती वाट धरील याविषयी काही सुचवीत होते.

त्याच वर्षी शस्त्रक्रिया झालेल्या ८९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्मॅड-४ निकामी असलेल्यांचे मध्यक आयुर्मान सुमारे साडेअकरा महिने आणि शाबूत असलेल्यांचे सुमारे १४ महिने भरले. हे वाचून कोणासही वाटेल की प्रश्न सुटला. तसे झाले नाही. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्याच एका मोठ्या अभ्यासात, २०१३ मध्ये, स्मॅड-४ आणि रोग परतण्याची तऱ्हा यांत अपेक्षित संबंध आढळला नाही. पुढे २०१८ मध्ये ३५६ रुग्णांच्या अभ्यासात वेगळी दिशा घेतली गेली. एकेका जनुकाकडे न पाहता चारही मुख्य जनुकांपैकी किती बदलली आहेत, हे मोजले. बदललेल्या जनुकांची संख्या जितकी अधिक, तितका रोग लवकर परतला आणि आयुर्मान घटले. जी-१२-डी हा प्रकार असलेल्यांचे निकालही तुलनेने कमी अनुकूल होते. ज्यांच्यात के-रास मुळीच बदललेले नाही, अशा दहांतील एखाद्या रुग्णाचे पूर्वानुमान अनेक अभ्यासांत तुलनेने बरे आढळले आहे.

सरांच्या डॉक्टरांच्या वाक्यामागे हे संशोधन होते. वाक्य बरोबर होते. परंतु त्याचे महिने करणे बरोबर नव्हते, आणि येथे माझे शिक्षण थोडे कामी आले.

वर 'मध्यक' हा शब्द आला. शंभर रुग्ण आयुर्मानाच्या क्रमाने उभे केले, तर रांगेच्या मध्यावर जो आकडा येतो तो मध्यक. निम्मे त्याच्या अलीकडे, निम्मे पलीकडे. अलीकडच्यांना शून्याची भिंत आहे. पलीकडच्यांना तशी भिंत नाही, त्यामुळे रांगेचे शेपूट लांबवर जाते. साडेअकरा आणि चौदा या दोन आकड्यांत अडीच महिन्यांचे अंतर आहे, परंतु एकाच गटातील दोन रुग्णांत कित्येक वर्षांचे अंतर असू शकते. गटागटांतील फरकापेक्षा गटाच्या पोटातील पसारा मोठा असतो. कर्जखात्यांवर आपण तरतूद करतो ती याच न्यायाने. अमुक प्रकारच्या हजार कर्जांपैकी किती थकतील याचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर येतो. त्यांतील कोणते, हे तो अंदाज सांगत नाही. अमुक खाते थकणारच असे समजून कोणी शाखाधिकारी ग्राहकाच्या दारी जप्ती नेत नाही. रुग्णाच्या बाबतीत मात्र आपण हे भान सहज गमावतो.

स्टीफन जे गूल्ड हे विख्यात जीवशास्त्रज्ञ १९८२ मध्ये वेगळ्या प्रकारच्या, पण तितक्याच भयावह कर्करोगाने आजारी पडले. त्या आजाराचे मध्यक आयुर्मान तेव्हा आठ महिने सांगितले जाई. संख्याशास्त्र जाणणाऱ्या गूल्ड यांनी प्रथम रांगेचे शेपूट किती लांब आहे ते पाहिले. त्यानंतर ते वीस वर्षे जगले. प्रत्येकाच्या वाट्याला असे येत नाही. परंतु आकड्याचा अर्थ लावण्याची त्यांची रीत सर्वांना उपलब्ध आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पूर्वानुमानाचे आकडे भूतकाळातील उपचारांवर उभे असतात. उपचार बदलले की आकडे शिळे होतात. शस्त्रक्रियेनंतर चार औषधांचे संमिश्र देऊन फ्रान्स व कॅनडातील रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. मध्यक आयुर्मान ५४.४ महिने निघाले, तर जुन्या एकाच औषधाच्या गटात ते ३५ महिने होते. चाचणीसाठी निवडलेले रुग्ण प्रकृतीने तुलनेने धडधाकट होते, ही गोष्ट लक्षात घेऊनही हा फरक मोठा आहे. स्मॅड-४ चा दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा आकडा आजच्या रुग्णास जसाच्या तसा लावणे म्हणजे जुन्या व्याजदराने आजच्या ठेवीचे व्याज काढणे होय.

मग हा रोग सुरू केव्हा होतो? हॉपकिन्समधील गटानेच २०१० मध्ये सात रुग्णांच्या अर्बुदांतील उत्परिवर्तने मोजून कालगणना मांडली. पहिल्या उत्परिवर्तनापासून कर्करोगाची मूळ पेशी जन्मण्यास किमान दहा वर्षे, तीस दूरवर पसरण्याची क्षमता येण्यास आणखी किमान पाच, आणि तेथून मृत्यूपर्यंत सरासरी दोन. हे वाचून लवकर निदानास केवढा अवधी आहे असे वाटते. परंतु कॅनडातील टोरांटो येथील संशोधकांनी २०१६ मध्ये शंभरांहून अधिक अर्बुदे तपासून दाखविले की पुष्कळ रुग्णांत बदल एकामागून एक न होता गुणसूत्र एकाच आघातात फुटून एकदम घडलेले दिसतात. माझ्या समजुतीप्रमाणे दोन्ही वाटा खऱ्या असाव्यात, रुग्णागणिक वेगवेगळ्या. "आधीच का दाखवलं नाही?" असा बोल घरच्या माणसांनी स्वतःला लावू नये, एवढे तरी या वादातून निश्चित निघते.

येथवर जे सांगितले ते पूर्वानुमानाविषयी : औषध कोणतेही असो, रोग कसा वागेल. जनुकीय अहवालाचा दुसरा उपयोग आहे आणि माझ्या मते त्यावरच खर्च सार्थकी लागतो. कोणते औषध लागू पडेल, हे काही उत्परिवर्तने सांगतात. पहिल्या प्रकारची खूण म्हणजे कर्जदाराची पतश्रेणी. दुसऱ्या प्रकारची म्हणजे खाते सावरण्याचा मार्ग. अहवालात दोन्ही एकाच टंकात, एकाखाली एक छापलेले असतात आणि वाचणाऱ्याची दृष्टी नेमकी पहिल्यावर खिळते. स्मॅड-४ साठी औषध नाही. पुढील काहींसाठी आहे.

स्तनाच्या व बीजांडकोशाच्या कर्करोगामुळे परिचित झालेली बीआरसीए-१ व बीआरसीए-२ ही जनुके येथेही भेटतात. ती तुटलेल्या गुणसूत्राची दुरुस्ती करतात. ती निकामी असलेल्या अर्बुदावर प्लॅटिनमयुक्त औषधे बहुधा अधिक परिणामकारक ठरतात, कारण ती औषधे गुणसूत्रावर घाव घालतात आणि पेशीस तो बुजविता येत नाही. अशा रुग्णांत ओलापॅरिब ही गोळी देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. त्यासाठी तीन हजारांहून अधिक रुग्णांची तपासणी झाली आणि त्यांपैकी शेकडा साडेसात जणांत जन्मजात बीआरसीए उत्परिवर्तन आढळले. प्लॅटिनम औषधांनंतर ही गोळी घेणाऱ्यांत रोग पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ ७.४ महिने, तर औषधहीन गोळी घेणाऱ्यांत ३.८ महिने भरला. एकूण आयुर्मानात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. ही दुसरी ओळही वाचकांनी पहिलीइतकीच लक्षात ठेवावी. जाहिरातींत ती लहान अक्षरांत असते.

के-रासवर औषध नाही, असे जवळजवळ तीस वर्षे समजले जाई. शंभरात एकदोघांत आढळणाऱ्या जी-१२-सी या प्रकारावर सोटोरासिब हे औषध ३८ रुग्णांना दिले असता आठांची अर्बुदे लक्षणीय आकसली, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. के-रासच्या अनेक प्रकारांना एकाच वेळी रोखू पाहणाऱ्या डॅराक्सोनरासिब या औषधाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये त्वरित विकासासाठीचा विशेष दर्जा दिला. म्हणजे ज्या जी-१२-डी कडे आज केवळ प्रतिकूल खूण म्हणून पाहिले जाते, ते उद्या औषधाचे लक्ष्य ठरू शकते. के-रास न बदललेल्या रुग्णांत औषधाजोगे विरळ बदल आढळण्याची शक्यता अधिक असते. त्यांपैकी एनआरजी-१ या जनुकाच्या जोडबदलावर तेथे डिसेंबर २०२४ मध्ये एका औषधास मान्यता मिळाली.

आता थोडे व्यवहाराचे. तपासण्या दोन आहेत आणि पुष्कळ कुटुंबे त्यांत गल्लत करतात. अर्बुदाच्या तुकड्यावरील तपासणी त्या अर्बुदात आयुष्यभरात जमलेल्या चुका सांगते. त्या मुलाबाळांत जात नाहीत. रक्तावरील किंवा लाळेवरील वंशागत तपासणी जन्मतः आलेल्या चुका सांगते. घराण्यात कर्करोगाचा इतिहास असो वा नसो, स्वादुपिंडाच्या या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाची वंशागत तपासणी व्हावी, अशी शिफारस अमेरिकेतील मार्गदर्शक संस्था २०१९ च्या सुमारापासून करीत आहेत. रुग्णात असे उत्परिवर्तन सापडले, तर प्रत्येक अपत्यात ते असण्याची शक्यता निम्मी; मुलगा असो वा मुलगी. बीआरसीएचा संबंध केवळ स्त्रियांशी आहे, हा आपल्याकडील समज चुकीचा आहे.

अहवाल हाती आल्यावर आणखी दोन ठिकाणी ठेच लागते. स्वादुपिंडाच्या अर्बुदात कर्कपेशी थोड्या आणि भोवतालची तंतुमय ऊतीच फार, त्यामुळे सुईने घेतलेला नमुना पुष्कळदा अपुरा पडतो. अशा वेळी 'आढळले नाही' याचा अर्थ 'नाही' असा होत नाही. दुसरे, 'अर्थ अनिश्चित असलेला बदल' असा शेरा. जगातील जनुकीय माहितीचे संग्रह प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवर आधारलेले असल्याने भारतीयांच्या अहवालांत हा शेरा अधिक येतो. तो वाचून कोणी घाईने शस्त्रक्रियेचा वा उपचाराचा निर्णय घेऊ नये. जनुकीय समुपदेशक ही व्यक्ती अशाच वेळी उपयोगी पडते.

खर्चाविषयी, माझ्या खात्याच्या मर्यादेत एक सूचना. आजारपणात पहिला हात मुदत ठेवीवर जातो. ठेव मोडल्यास प्रत्यक्ष राहिलेल्या मुदतीचाच व्याजदर मिळतो आणि बहुधा दंडही पडतो. रक्कम थोड्या काळासाठी हवी असेल, तर ठेवीच्या तारणावर कर्ज घेणे अनेकदा हितावह ठरते. ठेव तशीच चालू राहते. सरांना मी हेच सांगितले आणि त्यांनी अर्ज मागे घेऊन कर्ज घेतले.

कागदात महिने नाहीत, हेही सांगितले. पण त्यांना ते त्या दिवशी पटले नसावे. पुढच्या भेटीत त्यांनी दुसरा अहवाल आणला. डॉक्टरांच्या सल्ल्याने बाईंची वंशागत तपासणी झाली होती आणि त्यात बीआरसीए-२ चे उत्परिवर्तन सापडले होते. औषधयोजना त्यानुसार बदलली गेली. त्या दिवशी सरांचा प्रश्न निराळा होता. मुलीला हे कसे सांगावे? मुलगी बेंगळुरूस नोकरीत, लग्न ठरलेले. मी म्हटले, हा प्रश्न माझ्यापेक्षा समुपदेशकास विचारा. तिने पुढे तपासणी करून घेतली. तिच्यात ते उत्परिवर्तन नाही. मुलाने अद्याप केलेली नाही. "तो म्हणतो, बघू," एवढेच सर म्हणाले.

बाईंचे उपचार सुरू आहेत. मधल्या काळात रोग एकदा वाढला, औषध बदलले. गेल्या महिन्यात सरांची दुसरी ठेव मुदत भरून आली. ती उभयतांच्या नावे, 'दोहोंपैकी कोणीही अथवा हयात राहील तो' या अटीवर आहे. नूतनीकरणाच्या अर्जात मुदतीचा रकाना त्यांनी कोरा ठेवला होता. मी विचारले, "सर, किती काळासाठी लिहू?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "घरी विचारून सांगतो." दुसऱ्या दिवशी दूरध्वनी आला. बाईंनी तीन वर्षे सांगितली होती.